सचिवबाईंचा हात

गल्लीत घरं तेवीस आणि कचऱ्याच्या डब्यांचे नियम चौदा. चौदातले बारा सुताराच्या बायकोने लिहिलेले. ती रहिवासी मंडळाची एकोणीस वर्षं सचिव होती. डबे सोमवारी संध्याकाळी सहानंतर बाहेर, मंगळवारी दुपारी बाराच्या आत परत आत. झाकण पूर्ण बंद. मूठ घराच्या दिशेला. घराचा नंबर तळहाताएवढा, लाल रंगात. सुतार म्हणायचा, आपल्या लग्नाला एवढे नियम नव्हते, आणि ते तर जन्मभरासाठी होतं. बायको म्हणायची, तिथेच चूक झाली.

तो नियम पाळत नसे. सोमवारी जेवण झालं की ओल्या कचऱ्याचा आणि सुक्या कचऱ्याचा असे दोन्ही डबे ढकलत नेऊन फाटकाबाहेर एकमेकांना चिकटून उभे करायचे आणि आत यायचं, एवढंच त्याला ठाऊक. मंगळवारी झाकणावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची. "घर क्रमांक नऊ. नियम अकरा." खाली सचिवांची सही, जणू घर क्रमांक नऊमध्ये सचिव राहतच नाहीत. चिठ्ठीची मागची बाजू कोरी असायची, त्यावर तो कपाटांची मापं लिहायचा. एकोणीस वर्षांत एक्केचाळीस चिठ्ठ्या जमल्या. बाकीच्या मंगळवारी तिने दयामाया दाखवली असेल किंवा चिठ्ठ्या संपल्या असतील.

या अकराव्या नियमाची जन्मकथा सांगायला हवी. पूर्वी कचरागाडीवर दोन माणसं असत, ती डबा उचलून उपडा करत. मग लोखंडी हाताची गाडी आली. ड्रायव्हर आत बसून कळ दाबतो, लोखंडी हात बाहेर येतो, डब्याला कवटाळून वर नेतो. पण शेजारी दुसरा डबा चिकटून असेल तर तो आडवा होतो आणि त्यातलं सगळं रस्त्यावर. गाडीवाल्याने येऊन हात जोडले की डबे जरा लांब ठेवायला सांगा. बाईंनी लिहिलं, "दोन डब्यांमध्ये एक हात अंतर असावे."

पुढच्याच आठवड्यात भांडण. सात नंबरात घड्याळजी राहायचे, बुटके, आठ नंबरात बसड्रायव्हर, दाराच्या चौकटीला डोकं घासणारे. घड्याळजींच्या डब्यांत अंतर कमी म्हणून ड्रायव्हरने तक्रार केली. घड्याळजी सभेत बाही वर सारून उभे राहिले. म्हणाले, हा माझा हात आहे, दुसऱ्याचा कुठून आणू? दोन तास घोळ चालला. शेवटी वैतागून सगळ्यांनी ठराव केला की हात म्हणजे सचिवबाईंचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तो ठराव वहीत लिहिला गेला आणि तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी बाई चिठ्ठ्यांचं बंडल घेऊन निघायच्या. प्रत्येक फाटकापाशी वाकायचं, एका डब्याला कोपर टेकायचं, दुसऱ्याकडे बोटं न्यायची. गल्लीत नवीन आलेल्यांना वाटायचं, बाई डब्यांना काही औषध टोचतात.

आठ महिन्यांपूर्वी बाई गेल्या. अकरा दिवस दवाखान्यात होत्या, बाराव्या दिवशी सुतार एकटा घरी आला.

त्यानंतर अकराव्या नियमाचं काय करायचं हे कोणाला कळेना. चिठ्ठ्या बंद झाल्या. लोक हवे तसे डबे ठेवू लागले. आठ महिन्यांत पाच वेळा डबे आडवे झाले, त्यातले दोन वेळा सुताराचे. अंड्याची टरफलं गोळा करताना त्याने गाडीवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. एकोणीस वर्षांत आपला डबा एकदाही पडला नाही आणि आता याला काय धाड भरली, असं त्याचं म्हणणं.

नवे सचिव म्हणजे मोजणीसाहेब. जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. लोक खिशात कंगवा ठेवतात तसा हा माणूस पोलादी टेप ठेवायचा. त्यांनी मंडळाच्या फळ्यावर सूचना लावली. रविवारी सभा. विषय, नियम अकरा. "एक हात याचे प्रमाण म्हणून मंजूर असलेला सदर हात आता उपलब्ध नसल्यामुळे त्याऐवजी पंचेचाळीस सेंटिमीटर असे वाचावे."

सुतार दूध आणायला निघाला होता. त्याने सूचना वाचली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन परत वाचली. खरं तर त्याने आनंदाने उडी मारायला हवी होती. ज्या नियमाने एक्केचाळीस वेळा छळलं, त्याचा कणाच मोडत होता.

"उपलब्ध नाही," तो फळ्याला म्हणाला. "हे तू मला सांगतोस."

तो दूध न घेता घरी आला. घरात बायकोचं फारसं काही राहिलं नव्हतं. कपडे मेहुणीने नेऊन वाटून टाकले होते. फोन बंद केला होता. चष्मा खणात होता, पण तो खण सुतार उघडत नसे. चपला कोणीतरी नेल्या, त्या कोणी नेल्या हे त्याने विचारलं नाही. आता वहीतून तिचा हातही काढणार होते. पण असं काही तो कोणाजवळ बोलला नाही. एवढंच म्हणाला की पंचेचाळीस हे माप चूक आहे. आणि चुकीचं माप त्याला खपत नसे. आयुष्यभर त्याने एका सुतासाठी, म्हणजे इंचाच्या आठव्या भागासाठी, तयार दारं उतरवून परत रंधली होती.

खरं माप कुठे आहे ते त्याला माहीत होतं. घरामागे त्याची कामाची खोली, तिच्या चौकटीवर. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने स्वयंपाकघरातलं कपाट केलं तेव्हा फळी किती खोल ठेवायची हा प्रश्न होता. शेवटची बरणी हिला स्टुलावर न चढता काढता यायला हवी. म्हणून त्याने तिला बोलावून तिचा हात चौकटीला टेकवला आणि पेन्सिलने कोपराशी एक रेघ मारली, बोटाशी एक.

"माझा हात आहे तो," ती तेव्हा म्हणाली होती. "फळी समजून रंधा मारशील."

रेघा अजून होत्या. सोळा इंच तीन सूत. त्याने तीनदा मोजलं. मग सागाचा एक सरळ रेषांचा तुकडा शोधला, तीन दिवस त्याची काठी करत बसला. टोकं काटकोनात कापली, घासली, तेल दिलं. इतक्या निगुतीने त्याने लोकांचे देव्हारे केले नव्हते. काठी हातात घेतली की गुळगुळीत लागायची. बायकोचा हात काही एवढा गुळगुळीत नव्हता, पण लाकडाला तेवढी सूट द्यायला हरकत नाही, असं त्याला वाटलं.

रविवारी सभेला गर्दी होती, कारण मंडळाच्या खोलीत पंखा नवीन बसवला होता. मोजणीसाहेबांनी ठराव वाचला आणि कोणाची हरकत आहे का असं विचारून लगेच वहीत "हरकत नाही" लिहायला घेतलं. सुताराने उठून काठी टेबलावर ठेवली.

म्हणाला, हात उपलब्ध आहे.

पहिल्या रांगेतले दोघे थोडे मागे सरकले. मग त्याने चौकटीची हकिगत सांगितली तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला. मोजणीसाहेबांनी टेप काढून काठी मोजली आणि म्हणाले, एक्केचाळीस पूर्णांक सहा. हे बाईंच्याच हाताचं माप आहे याला पुरावा काय? सुतार म्हणाला, मी सुतार आहे, हाच पुरावा. लोकांनी माना डोलावल्या. काम फत्ते झालंच होतं.

तेवढ्यात बारा नंबरचे दातांचे डॉक्टर उठले. म्हणाले, काठी सुंदर आहे, पण आखूड आहे. माझ्या दारात बाईंचा हात यापेक्षा चांगला तीन इंच लांब होता. घड्याळजी म्हणाले, छे, माझ्याकडे यापेक्षा कमी होता. डॉक्टर म्हणाले, मी ठिपका दाखवतो. घड्याळजी म्हणाले, ठिपका तर माझ्याकडेही आहे.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. चिठ्ठी चुकवायची म्हणून प्रत्येकाने कधी ना कधी, बाई हात लावून पुढे गेल्या की, फुटपाथवर गुपचूप रंगाचा ठिपका मारून ठेवला होता. सोमवारी डबा ठिपक्यावर ठेवला की काम झालं. ही शक्कल फक्त आपल्यालाच सुचली असं तेवीस घरांतल्या बावीसांना वाटत होतं.

सभा उठून रस्त्यावर आली. पुढे मोजणीसाहेब टेप घेऊन, मागे वही धरलेले बसड्रायव्हर, त्यांच्यामागे काठी छातीशी धरून सुतार. पाच नंबरला सतरा इंच. सातला, घड्याळजींकडे, पंधरा. आठला साडेसोळा. नऊ नंबर आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, इथे काय मोजायचं, मिस्त्रींनी जन्मात नियम पाळला नाही, आणि सगळे हसून पुढे गेले. बाराला, डॉक्टरांकडे, एकोणीस इंच दोन सूत. शेवटच्या तेवीस नंबरला इस्त्रीवालीच्या दारात ठिपके एवढे जवळ होते की मोजणीसाहेबांनी आधी चष्मा पुसला. नऊ इंच.

"म्हणजे बाईंनी एकोणीस वर्षं आपल्याला बनवलं," डॉक्टर म्हणाले.

मोजणीसाहेबांचा चेहरा उजळला होता. ते म्हणाले की मी बाईंचा आदर करतो, पण नऊपासून एकोणीसपर्यंत जो हात लांबतो-आखडतो तो हात नव्हे, ते इलॅस्टिक आहे. आता तरी पंचेचाळीस सेंटिमीटर मान्य करा. लोक हसले. सुतारही हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

त्याला बायकोचा राग आला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण बत्तीस वर्षं तिच्यावर रागवायची सवय, ती आठ महिन्यांत कशी सुटणार. मला सुतासाठी धारेवर धरायचीस, तो मनात म्हणाला, आणि गल्लीभर ही अशी मापं वाटत फिरायचीस. मी काठी घेऊन उभा राहिलो आणि तू मला चारचौघांत तोंडावर पाडलंस. तिने नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही. जिवंत असतानाही ती असल्या बोलण्याला उत्तर देत नसे, भाजी चिरत राहायची.

इस्त्रीवाली आपल्या पायरीवर उभी होती. तिचं घर गल्लीत सगळ्यांत अरुंद. एक दार, शेजारी हातभर भिंत, भिंतीला लागून कपड्यांच्या गाठोड्यांचं टेबल. ती सभेत कधी बोलत नसे. लोक परत फिरू लागले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, पंचेचाळीस म्हणजे किती ते माझ्या दारात दाखवा."

मोजणीसाहेबांनी टेप ओढला. तिने घरातून दोन्ही डबे आणले आणि त्या मापाने ठेवले. दुसरा डबा बरोबर दाराच्या मधोमध आला. आता गाठोडं घेऊन आत जायचं तर डब्यावर चढूनच जायला हवं होतं.

"मंगळवारी सकाळीच माझी जास्त गिऱ्हाइकं असतात," ती म्हणाली. "बाई इथे आल्या की मूठ मिटायच्या, मनगट वळवायच्या आणि म्हणायच्या, झाला बघ एक हात. मी म्हटलं, बाई, हा कसला हात? तर म्हणाल्या, माझाय, मी काय वाटेल ते करीन."

कोणीतरी पाठीमागून विचारलं, मग गाडीचा लोखंडी हात इथे कसा चालतो? तिने सांगितलं की गाडीवाला इथे खाली उतरतो, डबे हाताने लांब करतो, काम झालं की परत ठेवतो. बाईंनी त्याला तसं सांगून ठेवलं होतं. बाई गेल्या तरी अजून उतरतो.

घड्याळजी डॉक्टरांकडे बघत होते. ते म्हणाले की डॉक्टरांची गाडी अर्धी फुटपाथवर चढवलेली असते, माझ्या आईला चाकाच्या खुर्चीतून नेताना रस्त्यावर उतरावं लागतं. फक्त मंगळवारी सकाळी तिथे गाडी नसते, कारण दोन डबे आणि मधलं ते एकोणीस इंच मिळून सगळी जागा खातात. याचा अर्थ मला आज कळला. डॉक्टरांनी आपल्या बुटांची पाहणी सुरू केली.

सुतार काठीकडे बघत उभा होता. ती बरोबर होती. सोळा इंच तीन सूत, तसूभरही इकडे तिकडे नाही. आणि या गल्लीत ती कुठल्याच दारात बसत नव्हती. त्याच्या डोक्यात हळूहळू शिरलं की आता ही काठी बरोबर आहे असा हट्ट धरला तर बायकोचा हात वहीत राहील, पण इस्त्रीवालीचं दार बंद होईल. आणि काठी मागे घेतली तर पंचेचाळीस सेंटिमीटर येईल आणि दार तरीही बंद होईल.

"हात राहू द्या," तो म्हणाला. "मोजायला मी जाईन."

मोजणीसाहेबांनी विचारलं, कुठल्या मापाने?

"ज्याच्या दारात जेवढा होता, तेवढ्या."

"मिस्त्री, मग काठी कशाला?"

"हातात काहीतरी नको का," सुतार म्हणाला. "नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा कचरा हुंगत फिरतो."

मतदान तिथेच रस्त्यावर झालं. पंधरा बाजूने, सात विरुद्ध. डॉक्टर तटस्थ राहिले, त्यांना घरी काम आठवलं होतं. मोजणीसाहेब हरले, पण कामात चोख माणूस. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "एक हात (सचिवबाईंचा), कमी-जास्त," आणि खाली सही करताना कपाळाला हात लावला.

मंगळवारी सकाळी सुतार काठी घेऊन निघाला. खिशात बायकोचं चिठ्ठ्यांचं बंडल होतं. ते चष्म्याच्या खणात असायचं, म्हणून तो खण उघडावा लागला. पाच, सात, आठ. नऊ त्याने सोडला, आपलंच घर, नंतर बघू. बारा नंबरला त्याने काठीला तीन बोटं जोडली, चौथंही जोडलं, आणि डॉक्टरांचा डबा आणखी थोडा ढकलला. तेवीस नंबरला आला. काठी डब्याला लावली, मग तिच्या मध्यावर मूठ धरली, मूठ आणखी खाली सरकवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माप चोरलं. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं.

"झाला बघ एक हात," तो म्हणाला.

इस्त्रीवालीने दारातूनच मान हलवली. इस्त्री गरम होती, बोलायला वेळ नव्हता.

परत येईपर्यंत गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला होता. त्याच्या फाटकापाशी दोन्ही डबे एकमेकांना चिकटून उभे होते, काल रात्री त्यानेच ढकलले होते तसे. त्याने बंडल काढलं, झाकणावर टेकवून लिहिलं, "घर क्रमांक नऊ. नियम अकरा." चिठ्ठी चिकटवली. बेचाळिसावी. सही कोणाची करायची ते कळेना, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवली.

गाडी येऊन थांबली. गाडीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि चिठ्ठी बघून हसला.

"मिस्त्री, चिठ्ठी लावली, आता डबा कोण सरकवणार?"

"म्हणजे?"

"बाई चिठ्ठी लावायच्या आणि मग स्वतःच डबा सरकवायच्या. दर मंगळवारी. तुम्हाला काय वाटलं, तुमचे डबे एकोणीस वर्षं असेच उभे राहिले?"

सुताराला असंच वाटलं होतं. त्याने सुक्याचा डबा धरून बाजूला ओढला. चाकाखाली फुटपाथवर धूळ बसली होती. त्याने चपलेने ती घासली तेव्हा खाली लाल रंग दिसला, घराच्या नंबरासाठी तिने आणलेल्या डबीतला. ठिपका. त्याने कधी मारलेला नाही. थोडं पुढे घासलं, दुसरा.

त्याने वाकून काठी दोन ठिपक्यांच्या मध्ये ठेवली. एका टोकाला ठिपक्याची कड, दुसऱ्या टोकाला ठिपक्याची कड. सोळा इंच तीन सूत. सगळ्या गल्लीत हेच एक दार होतं जिथे तिने काही वाढवलं नव्हतं, काही आखडलं नव्हतं.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. सुताराने हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. एक डबा एका ठिपक्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. मग काठी मध्ये धरून बघितली. सूतभर फट राहत होती. त्याने गुडघा टेकला आणि डबा पुन्हा सरकवला.